हो की नाही? लहान मुलांना विचार करायला लावणारे प्रश्न, पण ते विचारायचे कोणी?

केजीटूची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात नरेंद्र नगरला राहतो, मुलगी साडेपाच वर्षांची आहे, केजी टू मध्ये. सध्या आमच्याकडे एक खेळ जोरात सुरू आहे आणि त्यातून मला जे दिसून राहिलं ते इथे मांडावंसं वाटलं, तुमच्यापैकी कोणी घरी किंवा शाळेत असं काही करत असेल तर तेही ऐकायचंय.

खेळ जुनाच आहे. एकानं मनात एक वस्तू धरायची, दुसऱ्यानं फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारत ती ओळखायची. मोठी माणसं २० प्रश्नांत खेळतात. पण एवढ्या लहान मुलीला "मनातलं काहीही ओळख" म्हटलं तर सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही, म्हणून मी वस्तू समोर मांडते. रविवारी बाजारातून भाजी आली की सतरंजीवर आठ गोष्टी ठेवायच्या: संत्रं, केळं, बटाटा, कांदा, वांगं, टमाटर, लिंबू, भेंडी. मी यातलं एक धरलंय, ओळख.

आधी ती सरळ एकेकाचं नाव घ्यायची. कांदा आहे का? नाही. लिंबू आहे का? नाही. भेंडी? असं करत करत कधी दुसऱ्यालाच सापडायचं तर कधी सातव्यापर्यंत जायचं. एकदा मी तिला म्हटलं, एकच प्रश्न विचारून खूप जणांना बाजूला करता येईल का गं? ती बराच वेळ त्या भाज्यांकडे बघत बसली, मी अजिबात मधे बोलले नाही, आणि मग तिनं विचारलं, "ते सोलून खायचं असतं का?" मी म्हटलं हो. तिनं स्वतःच्या हातानं वांगं, टमाटर, लिंबू आणि भेंडी बाजूला सरकवली. बटाट्यापाशी अडली, कारण आमच्याकडे बटाटा कधी सालासकट होतो कधी सोलून, मग तिनंच ठरवलं की आज बटाटा सोलायचा. पुढचा प्रश्न, गोड असतं का? हो. कांदा बटाटा गेले. गोल आहे का? हो. संत्रं! आठ वस्तू आणि तीन प्रश्न.

आता माझा मुद्दा. आपण मुलांना दिवसभर हो-नाहीचेच प्रश्न विचारत असतो, जेवली का, डबा संपवला का, मिस रागावल्या का, होमवर्क झाला का. त्यात मूल फक्त उत्तर देतं आणि त्यासाठी फारसा विचार लागतच नाही. पण प्रश्न मुलानं विचारायचा असला की त्याला सगळ्या वस्तू एकत्र बघाव्या लागतात, त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधावं लागतं, आणि हो आलं तर काय होईल, नाही आलं तर काय होईल हे आधीच डोक्यात धरावं लागतं. माझ्या मते खरा फायदा तिथे आहे. तुम्हाला काय वाटतं?

मिहानकर

ताई धागा एकदम मस्त. माहा पोट्टा तीन वर्षाचा आहे आणि त्याच्यासंगं हे कसं खेळाव तेच समजून नाही राहिलं, कारण त्याले काहीबी विचारा तो हो म्हणते. भूक लागली का? हो. झोपायचं का? हो. परवा माह्या बहिणीनं विचारलं तू हत्ती आहे का, तर तेबी हो. काऊन असं करते? त्याले प्रश्न समजत नाही का तो मजा करून राहिला?

बालवाडीताई

मिहानकर दादा, काळजी करू नका, या वयात हे अगदी सर्रास दिसतं. यावर अभ्यासही झालेला आहे, २००३ साली फ्रिट्झली आणि ली या संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांना ओळखीच्या आणि अनोळखी वस्तूंबद्दल हो-नाहीचे प्रश्न विचारून बघितले होते. दोन वर्षांची मुलं सरसकट हो कडे झुकत होती, तीन वर्षांची कधी अशी कधी तशी, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांना प्रश्न समजला असेल तर ती असं एका बाजूला झुकत नव्हती. पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं हे वाटतं की प्रश्नच समजला नाही तर ही मोठी मुलं नाही म्हणायची. म्हणजे मुलाच्या तोंडून आलेलं हो किंवा नाही दरवेळी त्या प्रश्नाचंच उत्तर असेल असं धरून चालायचं नाही.

तीन वर्षांच्या मुलासोबत अजून ओळखण्याचा खेळ नका खेळू. दोन टोपल्या घ्या, एकीत चाकं असलेली खेळणी, दुसरीत चाकं नसलेली. एकेक खेळणं त्याच्या हातात द्या, चाकं आहेत का विचारा आणि त्यालाच टाकू द्या. तोंडानं हो म्हणून हात भलत्या टोपलीत गेला तरी रागवायचं नाही, पुन्हा हातात देऊन चाकांवर बोट फिरवायला लावायचं. बोलण्याआधी हाताला समजू द्या.

आता केजीटूच्या आईंच्या मुद्द्यावर. मी हिंगणा रोडकडे एका बालवाडीत शिकवते. आमच्याकडे चित्रांची कार्डं आहेत, मुलं प्रश्न तर छान विचारतात पण अडतात कुठे माहितीये का, "नाही" आल्यावर. पिल्लू विचारतं, उडतो का? मी म्हणते नाही. ते मान हलवतं आणि पुढच्याच दमाला विचारतं, पोपट आहे का? नाही या उत्तरातूनही काहीतरी समजलं, उडणारे सगळेच गेले, हे त्याच्या गावीच नसतं. नाही म्हणजे आपण चुकलो एवढंच त्याला वाटतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे की उत्तर आलं की पहिले कार्डं पालथी करायची आणि मगच पुढचा प्रश्न. आणि नाही आल्यावर पालथी पडलेली कार्डं आम्ही टाळ्या वाजवत मोजतो, अरे वा, नाही मुळे पाच गेली! याचा मुलांवर फार परिणाम होतो, चेहरेच बदलतात.

आकडेमोड

बालवाडीताई, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा आहे. थोडं गणित टाकतो, ज्यांना कंटाळा येत असेल त्यांनी पुढे जा.

प्रत्येक प्रश्नानं उरलेल्या वस्तू अर्ध्या होत गेल्या तर ८ वस्तूंना ३ प्रश्न, १६ ला ४, ३२ ला ५. म्हणून तर २० प्रश्नांत एवढं मोठं जग मावतं, २ चा विसावा घात १०,४८,५७६ होतो, दहा लाखांच्या वर. १ ते १०० मधला आकडा ओळखायला ७ प्रश्न पुरतात, ५० पेक्षा मोठा आहे का, इथून सुरुवात करायची. एकेक नाव घेत गेलं तर १०० मधे ९९ प्रश्नांपर्यंत जाऊ शकतं. पहिली-दुसरीच्या मुलांना हा आकड्यांचा खेळ जरूर द्या, एक लांब पट्टी काढायची आणि उत्तर आलं की नको तो भाग पेन्सिलनं खोडायचा.

फक्त एक सांगतो, नशिबानं लागलेला अंदाज मुलांना पुन्हा अंदाजाकडेच ओढतो. पहिल्याच फटक्यात कांदा म्हटलं आणि कांदाच निघाला तर मूल तेच पुन्हा करणार, का नाही करणार? म्हणून किती प्रश्नांत जिंकला हे मोजू नका. प्रत्येक प्रश्नानंतर किती उरले ते मोजा.

जुना_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. चर्चा चांगली आहे पण माझा या हो-नाही प्रकारालाच आक्षेप आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो.

आपल्या वर्गांमधे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता? समजलं का? आणि चाळीस पोरं एका सुरात, हो सर! कोणाला काय समजलं ते कोणालाच समजत नाही, आणि गाडी पुढच्या धड्यावर. हो-नाहीचा प्रश्न मुलाला लपायला जागा देतो. ह्यूज आणि ग्रीव्ह या संशोधकांनी १९८० साली पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले होते, दूध पाण्यापेक्षा मोठं आहे का, लाल रंग पिवळ्यापेक्षा जड आहे का. जवळपास सगळ्या मुलांनी उत्तरं दिली. मोठ्या माणसानं विचारलंय म्हणजे उत्तर द्यायलाच पाहिजे ही सवय इतक्या लवकर लागते. हा प्रश्नच बरोबर नाही असं म्हणायची हिंमत आपण मुलाला कधी देणार? मुलांना का, कसं, कशावरून हे प्रश्न पाहिजेत, त्यानंच भाषा वाढते आणि त्यानंच विचार वाढतो.

केजीटूची_आई

काका, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि मी धागा काढला तोच या कारणानं. मुलांना हो-नाहीचे प्रश्न जास्त विचारा असं मी म्हणतच नाहीये, मुलांना विचारू द्या असं म्हणतेय. वर्गातल्या समजलं का मधे प्रश्नाचा मालक मोठा माणूस आहे, इथे मूल मालक आहे.

आणि कशावरून हा प्रश्न या खेळात आपोआप येतो. मी आता उत्तर द्यायच्या आधीच तिला विचारते, मी हो म्हटलं तर कोण कोण राहील? आणि नाही म्हटलं तर? ती बोटानं दाखवते. कधी कधी दाखवता दाखवताच तिला दिसतं की आपल्या प्रश्नानं काहीच बदलत नाही, मग म्हणते थांब थांब, दुसरा विचारते. परवा आठही वस्तू समोर होत्या आणि तिनं विचारलं "हे खायचं असतं का?", मी म्हटलं हो म्हटलं तर कोण राहील? सगळेच. ती जोरात हसली आणि तिनंच तो प्रश्न परत घेतला. विचारलेला प्रश्न स्वतः तपासून मागे घेणं, हे साडेपाच वर्षांच्या लेकराला जमतंय हे बघून मला खूप भारी वाटलं.

तुमचा "हा प्रश्नच बरोबर नाही" वाला मुद्दा मात्र माझ्या डोक्यात पक्का बसला. आम्ही तिसरं उत्तर घेऊ आता: सांगता येत नाही.

बालवाडीताई

तिसरं उत्तर घ्याच ताई. आमच्याकडे कोंबडी उडते का यावर पोरांची जुंपली होती. एक म्हणे नाही उडत, दुसरी म्हणे आमच्या घरची भिंतीवर जाते. तेव्हाच ठरलं की अशा वेळी "थोडं थोडं" हेही उत्तर चालेल, पण मग प्रश्न विचारणाऱ्यानं तो नीट करून पुन्हा विचारायचा. उडते का च्या जागी, आभाळात उंच उडते का. मास्तर काका म्हणतात ती भाषा इथे अशी वाढते. कोणी शिकवत नाही, गरज पडते म्हणून मूल शब्द शोधतं.

आणि वयाबद्दल एक गोष्ट सर्वच आईबाबांसाठी. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांच्या गटातल्या मोशर आणि हॉर्न्सबी यांनी ६, ८ आणि ११ वर्षांच्या मुलांसोबत नेमका हाच खेळ घेतला होता, ४२ चित्रं समोर मांडून. सहा वर्षांची मुलं बहुतेक एकेक चित्रावरच अंदाज लावत होती, आठची थोडी पुढे, आणि अकराची मुलं मुख्यतः गटाचे प्रश्न विचारत होती. म्हणजे तुमचं लेकरू पाच-सहा वर्षांचं असून कांदा का, बटाटा का करत असेल तर ते मागे नाही, ते वयाप्रमाणेच आहे. ४२ नका मांडू, सहा मांडा. कमी वस्तू असल्या की लहान मुलंही गट शोधायला लागतात, हे मी रोज बघते.

संत्रानगरी

आमचा अनुभव गोरेवाड्याचा. तिथली सफारी बघून परत येताना गाडीत दोघी मुली, एक सहाची एक नऊची, हाच खेळ खेळत होत्या. फक्त आज पाहिलेले प्राणी, म्हणजे वाघ, बिबट, अस्वल, नीलगाय, चितळ. मोठीनं धरलं, धाकटीनं विचारलं अंगावर ठिपके आहेत का? हो. धाकटी लगेच ओरडली बिबट! आणि निघालं चितळ. खूप रडारड झाली, तू चीटिंग केली म्हणून. मग माझ्या मिस्टरांनी गाडी चालवता चालवता एवढंच विचारलं, ठिपके अजून कोणाकोणाच्या अंगावर होते गं? ती रडत रडतच म्हणाली चितळाच्या... आणि गप्प झाली. थोड्या वेळानं पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा ठिपक्यांना हो आल्यावर ती थांबली, आणि विचारलं, तो गवत खातो का?

मला तेव्हा असं वाटलं की बिबट्याला ठिपके असतात हे तिला माहीतच होतं, पण ठिपके आहेत म्हणून तो बिबट्याच असेल असं नाही, हे वेगळं आहे. मोठी माणसंसुद्धा रोज यातच अडकतात.

आकडेमोड

संत्रानगरी, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. गणितात आम्ही याला उलट विधान म्हणतो आणि दहावीच्या पोरांनाही ते घोटवून घ्यावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीला ते चितळावरून समजलं.

यालाच लागून अजून एक. हो आलं की मुलांना जिंकल्यासारखं वाटतं म्हणून ती हो येईल असेच प्रश्न शोधतात. मोठ्यांचंही तसंच असतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली २, ४, ६ हे तीन आकडे देऊन लोकांना त्यामागचा नियम शोधायला लावला होता. स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढं सांगितलं जाईल. लोक ८, १०, १२ सुचवायचे, हो यायचं, मग २०, २२, २४, पुन्हा हो, आणि दोन-दोननं वाढणारे सम आकडे असं ठामपणे सांगून मोकळे. खरा नियम फक्त चढत्या क्रमानं आकडे एवढाच होता. ६, ४, २ किंवा १, २, ३ विचारून आपल्याच अंदाजाला धक्का देऊन बघायचं बहुतेकांना सुचलं नाही. बालवाडीताई नाही वर टाळ्या वाजवतात ना, त्याची किंमत मला इथे दिसते. पाच वर्षांच्या वयात ज्याला नाही ऐकून आनंद होतो ते मूल मोठेपणी स्वतःचं मत तपासायला घाबरणार नाही असं मला मनापासून वाटतं.

गुलमोहर_७

मी गप्प वाचत होते पण लिहावंसं वाटलं. माझा मुलगा उशिरा बोलायला लागला, अजूनही वाक्य पूर्ण करताना अडखळतो. का आणि कसं विचारलं की तो गप्प होतो, लोकांना वाटतं याला समजत नाही. पण आम्ही हिरवं म्हणजे हो आणि लाल म्हणजे नाही अशी दोन कार्डं केली, मामेभावंडं प्रश्न विचारतात आणि हा मनात धरतो. एकदा त्यानं मनात पाल धरली होती आणि सगळ्यांना वाटलं उंदीर, त्यानं प्रत्येक वेळी बरोबर कार्ड दाखवलं, चार पाय आहेत का हिरवं, घरात असते का हिरवं, केस आहेत का लाल. एकही उत्तर चुकलं नाही. त्या दिवशी भावंडांनी त्याला वेगळ्या नजरेनं पाहिलं. जुना_मास्तर काकांना एवढंच सांगायचंय की का-कसं हे प्रश्न श्रेष्ठ असतील पण काही लेकरांसाठी हो-नाही हे दार आधी उघडतं.

जुना_मास्तर

गुलमोहर ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मान्य. वर्गात हात वर न करणारी अशी कितीतरी पोरं माझ्यासमोर होती, त्यांना कार्डं दिली असती तर ती बोलली असती. मुलाचे लाड करा माझ्याकडून.

कोर्टरोड

एक सावधगिरीची गोष्ट, कारण धागा बरेच पालक वाचून राहिले. मी वकिली करते. खेळात हो-नाही उत्तम. पण मुलासोबत खरंच काही घडलं असेल, शाळेत मार लागला, कोणी त्रास दिला, व्हॅनमधे काही झालं, अशा वेळी हो-नाहीनं सुरुवात करू नका. सरांनी मारलं का? त्या काकांनी हात लावला का? वर हो-नाहीचा आणि निरर्थक प्रश्नांचा असे दोन्ही अभ्यास आलेच आहेत, लहान मूल मोठ्यांना पाहिजे ते उत्तर देतं, न समजलेल्या प्रश्नालाही देतं, आणि नंतर त्याच्या आठवणीत आपलाच प्रश्न मिसळून जातो. काय झालं ते सांग, मग काय झालं, एवढंच विचारायचं, मधे शब्द घालायचे नाहीत, आणि ऐकलेलं त्याच्याच शब्दात लिहून ठेवायचं. खोटं पाडायला नाही सांगत आहे, मुलाचं म्हणणं भक्कम राहावं म्हणून सांगते.

केजीटूची_आई

ताई, हे इथे लिहिल्याबद्दल खूप आभार. सगळ्यांनी वाचावं असं आहे.

आकडेमोड

मोठ्या मुलांसाठी मेट्रोचा खेळ सांगायचा राहिला. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मेट्रोचा नकाशा मोबाईलवर उघडायचा आणि एक स्टेशन मनात धरायचं. त्याचा पहिला प्रश्न, ऑरेंज लाईनवर आहे का? मी हो म्हटलं. त्यानं अॅक्वा लाईन सगळी उडवली. मी सीताबर्डी धरलं होतं, जे दोन्ही लाईनवर येतं, पण ते ऑरेंजवरही असल्यानं उडालं नाही आणि त्याचं काही बिघडलं नाही. पुढच्या वेळी मात्र मी पुन्हा सीताबर्डीच धरलं आणि त्यानं विचारलं अॅक्वा लाईनवर आहे का. हो म्हटल्यावर त्यानं ऑरेंज लाईनवर बोट ठेवून सगळी खोडायला घेतली आणि सीताबर्डीवर येऊन बोट थबकलं. हे तर इकडंही आहे आणि तिकडंही आहे, याचं काय करायचं? मी काही बोललो नाही. शेवटी म्हणाला, राहू दे, हे दोघांचं आहे.

नंतर त्यानं विचारलं झिरो माईलच्या पुढे आहे का. मी विचारलं, पुढे म्हणजे कुठे? खापरीकडे की ऑटोमोटिव्ह चौकाकडे? तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण त्याच्यासाठी पुढे म्हणजे आपण आजीकडे जातो ती दिशा. आता तो "झिरो माईलहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना लागतं का" असं लांबलचक विचारतो. समोरच्याला आपल्या डोक्यातलं दिसत नाही म्हणून प्रश्न नीट बांधावा लागतो, हे कोणत्या वर्कबुकात शिकवतात?

संत्रानगरी

वर्कबुकावरून आठवलं, कृपा करून याचा क्लास कोणी काढू नका. आपल्याकडे पहिलीपासून ऑलिंपियाडच्या बॅचेस आहेत. पोराला टायमर लावून तीनच प्रश्नात ओळख म्हटलं की संपला खेळ.

बालवाडीताई

पूर्ण सहमत. सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ पासून आलं तेव्हापासून आमच्यासारख्यांनाही ३ ते ९ वयात खेळातून वाचन आणि गणित शिकवा हेच सांगितलं जातं, पण खेळ म्हणजे मुलाला नको तेव्हा थांबता आलं पाहिजे.

अजून एक छोटी अडचण जी सगळ्यांना येईल. मुलं नकारार्थी प्रश्न विचारतात, तो पाण्यात राहत नाही ना? आता हो म्हटलं तर काय समजायचं, हो राहतो की हो राहत नाही? अशा वेळी उत्तर द्यायचं नाही, प्रेमानं म्हणायचं, पाण्यात राहतो का असं विचार. आणि मोठ्या गटाचा प्रश्न लहान गटानंतर आला तर हसू नका. पक्षी आहे का, हो, आणि लगेच प्राणी आहे का. मुलाला वाटतं पक्षी वेगळे आणि प्राणी वेगळे. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हेच फुलांवर दाखवलं होतं, भरपूर गुलाब आणि थोडी दुसरी फुलं ठेवून गुलाब जास्त की फुलं जास्त विचारलं तर सातच्या आतली बहुतेक मुलं गुलाब म्हणतात. सांगून नाही समजत ते, वर्गवारी करता करता समजतं.

मिहानकर

ताई टोपल्यांचं जमलं! पहिले सगळंच चाकाच्या टोपलीत टाकून राहिला होता, अस्वलबी त्याच्यातच. तुम्ही म्हटलं तसं बोट फिरवायला लावलं. आता अस्वल हातात घेते, खालून पाहते, आणि "नाई" म्हणून दुसरीकडे टाकते. त्याच्या तोंडून नाई ऐकून मलेच आनंद होऊन राहिला.

एक विचारतो, तान्हा पोळा येऊन राहिला. आमच्या कॉलनीत सगळे पोट्टे आपापले लाकडी नंदी घेऊन जमतात. त्याच्यावर हा खेळ होईल का? सगळ्याच वयाचे असतात, तीनपासून दहापर्यंत.

केजीटूची_आई

अहो काय सुंदर कल्पना आहे! नंदी सगळे सारखे दिसतात पण नसतात. चाकं आहेत का, शिंगांना गोंडे आहेत का, झूल लाल आहे का, गळ्यात घुंगरू आहे का, पांढरा आहे का. भाज्यांपेक्षा भारी, कारण प्रत्येक नंदीत तीन-चार गोष्टी वेगळ्या आणि बाकी सगळं तेच, मुलांना बारकाईनं बघावंच लागेल.

आकडेमोड

नंदींचे फोटो काढून प्रिंट घ्या. खरे नंदी समोर ठेवले तर प्रश्न राहतील बाजूला आणि पोरं ते ओढत पळत सुटतील. १२ ते १६ फोटो पुरे, त्याहून जास्त नको.

बालवाडीताई

मिहानकर दादा, वेगवेगळी वयं असणं चांगलंच आहे, फक्त कामं वाटून द्या. सात-आठच्या पुढची मुलं नंदी मनात धरतील, कारण शेवटपर्यंत खरं उत्तर देत राहणं हे लहानांना जड जातं, मधेच त्यांचा नंदी बदलतो. पाच-सहाची मुलं आळीपाळीनं प्रश्न विचारतील, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या कानात कोणी उत्तर सांगायचं नाही. तीन-चारची मुलं फोटो पालथे घालतील, पण एकेक, "याला गोंडे आहेत का?" असं त्यांना विचारून. बोजारा मागायला घरोघर जाण्याच्या आधीच घ्या, एकदा हातात पैसे आणि चॉकलेट आलं की कोणी बसणार नाही.

मिहानकर

ठीक आहे ताई. फोटो मी काढतो, माह्या पोट्ट्याले पालथे घालायच्या कामाले बसवतो. झालं की इथंच लिहीन.